बुजणारा घोडा आणि लाकडी हत्ती

माणूस भितो आणि घोडा बुजतो. हे क्रियापद आपल्या भाषेने मुख्यतः जनावरांसाठी राखून ठेवले आहे. शिलेदार-बारगिरांच्या पागा ज्या समाजाने सांभाळल्या, त्याला भीतीची ही निराळी जात ठाऊक असणारच. वाटेत पडलेले घोंगडे किंवा वाऱ्याने फडफडलेले निशाण एवढे निमित्त तिला पुरते.

या भीतीचा शांतपणे विचार करणारा, आज आपल्या हाती असलेला जुना ग्रंथ ग्रीक सेनानी झेनोफन याचा आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील हा लेखक मोतद्दाराला सांगतो की, शिंगराला गर्दीतून हिंडवावे, नाना प्रकारचे आवाज ऐकवावेत, नाना वस्तू दाखवाव्यात. घोडा एखाद्या वस्तूपाशी अडला तर स्वाराने प्रथम ती वस्तू स्वतः हाताळावी आणि मग घोड्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावे. चाबूक मारू नये, या सूचनेचे त्याने दिलेले कारण फार मार्मिक आहे. मार बसला की घोड्याला वाटते, ही वेदना त्या वस्तूनेच दिली. म्हणजे स्वार भीती घालवायला जातो आणि तिला पुरावा पुरवून येतो! झेनोफन हा काही कोमल मनाचा कवी नव्हे. इ. स. पूर्व ४०१ मध्ये शत्रूच्या मुलुखातून दहा हजार ग्रीकांची माघार ज्यांनी तडीस नेली, त्यांपैकी तो एक. त्याचा सौम्यपणा अनुभवातून आलेला आहे.

सावलीला बुजणाऱ्या ब्युसेफॅलसचे तोंड सूर्याकडे वळवणाऱ्या बाल अलेक्झांडरची कथा आपणा सर्वांस परिचित आहे. त्याच अलेक्झांडरला इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी मात्र निराळीच अडचण पडली. पैलतीरावर पोरसाचे हत्ती उभे होते. ते दिसताच घोडे तराफ्यांवरून पाण्यात उड्या घेतील, अशी त्याला धास्ती होती. म्हणून त्याने दुसरीकडून, रात्रीच्या अंधारात नदी ओलांडली.

मॅसिडोनियाचा शेवटचा राजा पर्सियस याने या अडचणीवर एक विलक्षण उपाय योजला. रोमनांजवळ हत्ती होते. पर्सियसने सुतारांकडून लाकडी हत्ती घडवून त्यांना रंग दिला. आत बसवलेला माणूस पिपाणी वाजवून कर्कश चीत्कार काढी. एका वृत्तान्तानुसार त्या आकृतींना उग्र वासाचे लेपही लावले होते. आपण शेतात बुजगावणे उभारतो ते पाखरांनी बुजावे म्हणून. हे बुजगावणे नेमके उलट कामासाठी होते. कल्पना पाहून मन थक्क होते. तरीही इ. स. पूर्व १६८ मध्ये पिडना येथे पर्सियसची डावी बगल रोमनांचे हत्ती व मित्रसैन्य यांच्यापुढे कोसळली, आणि त्याचे घोडदळ जवळजवळ अभंग स्थितीत रणांगण सोडून गेले. राजाही त्यांच्यासह निघून गेला. तेव्हा घोड्यांची भीती मोडली होती की नाही, याची कसोटी लागलीच नाही. माझ्या मते तिथे बुजले ते स्वार. राज्य मात्र बुडाले.

सीझरने लाकडावर विसंबणे टाळले. इ. स. पूर्व ४६ मध्ये आफ्रिकेत, शत्रूपाशी हत्ती आहेत हे जाणून, त्याने इटलीहून खरे हत्ती छावणीत आणवले. शिपायांनी ते हाताने चाचपून पाहिले. घोडेस्वारांनी त्यांच्यावर बोथट भाले फेकण्याचा सराव केला. आणि हत्तींच्या सोशिकपणामुळे घोड्यांना त्यांचा वास, आवाज व रूप अंगवळणी पडले. 'वस्तू स्वतः हाताळावी' हा झेनोफनचा नियम येथे एका सैन्याने पाळला, असे म्हणता येईल. थाप्ससच्या लढाईत गोफणगुंडे आणि बाण यांच्या माऱ्याने शत्रूचेच हत्ती बिथरले आणि मागे वळून आपल्याच माणसांना तुडवीत तटबंदीच्या दारांकडे धावले.