‘प्रति’ आणि ‘पत्री’ : एका शब्दाची साक्ष

ऑगस्ट १९४२ मध्ये वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. ‘हरिजन’ बंद पडले. मुंबईतील गुप्त काँग्रेस रेडिओही नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडला. अशा वार्ताशून्य काळात, १९४३ पासून, तत्कालीन सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्या जिल्ह्याचा दक्षिण भाग आज सांगलीत मोडतो.

लोकमुखात ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले. बैलाच्या खुरांना पत्री ठोकतात, तशी ती खबऱ्यांच्या तळव्यांना ठोकतात, अशी वदंता पसरली. चळवळीतील कार्यकर्त्यांच्या कथनानुसार शिक्षा तळव्यांवर काठ्या मारण्याची असे. पत्री हे तिचे रूपक होय. परंतु ध्वनिसाम्याने नाव जुळले आणि नावच वार्तेचा पुरावा ठरले. ही वदंता सर्वांच्याच सोयीची होती : सरकारला तीत क्रौर्य दाखविता येई, चळवळीला धाक बसविता येई. म्हणूनच ती तपासण्याची निकड कोणालाच भासली नाही.

हातातील फोनवर क्षणोक्षणी वार्ता आदळत असतानाही वाचकाची मूळ अपेक्षा तीच आहे. काय घडले आणि काय बोलले गेले, यांमधील रेषा वृत्तपत्राने स्पष्ट आखावी, व ती आखणाऱ्याने तिचे उत्तरदायित्व स्वीकारावे.