छतात लपवलेला उजेड

नव्याने इंटिरियर केलेल्या फ्लॅटमध्ये मान वर केली, तर दिवा दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. पीओपीच्या किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगला गोल भोक पाडायचं, वायर जोडायची, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा दाबून डाउनलाइट आत सरकवायचा. हात काढला की स्प्रिंगा उघडतात आणि दिवा छताला घट्ट बसतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत हे सगळं दहा मिनिटांत होतं आणि आपल्यालाही वाटतं, यात काय अवघड आहे?

व्हिडिओत एकच गोष्ट दिसत नाही : त्या भोकाच्या वरची जागा. आपण तिला रिकामी समजतो. पण या जागेलाही एक इतिहास आहे आणि त्यात माणसांचे जीव गेले आहेत.

सुरुवात अमेरिकेतून करू. जुना पिवळा बल्ब विजेचा फार थोडा भाग उजेडात बदलायचा, बाकी सगळी उष्णता. वायरला लटकलेल्या बल्बची उष्णता खोलीत विरून जाते. तोच बल्ब पत्र्याच्या डब्यात घालून छतात बसवला, की उष्णता छताच्या वर साठू लागते. तिथल्या लाकडी घरांत छप्पर आणि सीलिंगच्या मधली जागा मोकळी होती, तोवर हे खपून गेलं.

मग 1973 चं तेलसंकट आलं. घर गरम ठेवणं महाग झालं, तसे लोक त्या मोकळ्या जागेत उष्णतारोधक थर पसरू लागले. काही ठिकाणी काचेची लोकर, काही ठिकाणी जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा करून, त्यावर आग रोखणारी रसायनं लावून तयार केलेला सेल्युलोज. या थराचं काम उष्णता अडवणं. ती घराची आहे की दिव्याची, हे त्याला कळत नाही. दिव्यांचे डबे या गोधडीखाली गेले आणि तापू लागले.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दिवा बसवणाऱ्याने त्या दिवशी काम बरोबर केलं होतं. थर पसरणाऱ्यानेही त्याच्या परीने बरोबरच केलं. आग लागायची ती दोघांच्या कामांच्या मधल्या जागेत, कारण दुसऱ्याला पहिल्याचं काम दिसतच नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा असेल.

1979 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सेल्युलोजच्या पिशव्यांवर इशारा छापणं बंधनकारक केलं : छतातल्या दिव्यापासून किमान 3 इंच लांब ठेवा, दिवा झाकू नका. 1982 पासून तिथल्या अशा नव्या दिव्यांत उष्णतेने उघडणारा छोटा स्विच आला. डबा फार तापला की दिवा बंद, थंड झाला की पुन्हा चालू. पुढे थर थेट टेकला तरी चालेल असे खास डबे आले. म्हणूनच तिथल्या जुन्या घरात असा दिवा आपोआप बंद-चालू होऊ लागला, तर लोक बल्ब बदलत बसतात. खरं तर वर काहीतरी तापतंय, असं तो सांगत असतो.

पुढचा घोटाळा हॅलोजनचा. दुकानांत आणि घरांत 12 व्होल्ट, 50 वॉटचे छोटे हॅलोजन दिवे लोकप्रिय झाले. त्यांचा काचेचा परावर्तक मुद्दाम असा केलेला होता, की उजेड खाली यावा आणि बरीचशी उष्णता मागे जावी. खाली उभ्या माणसाला उजेड सुखद वाटायचा. मागे गेलेली उष्णता छतात जायची. शिवाय ‘12 व्होल्ट’ ऐकून लोक निर्धास्त व्हायचे. शॉकच्या बाबतीत ते ठीक, आगीच्या बाबतीत नाही. 50 वॉट म्हणजे 50 वॉटच. 230 व्होल्टला 0.22 अँपिअर लागतात, तर 12 व्होल्टला 4 अँपिअरहून जास्त. इतक्या करंटला सैल जोड चांगलाच तापतो.

हे सगळं माहीत असूनही 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात काय झालं, ते पाहा. जागतिक मंदीत रोजगार मिळावा म्हणून सरकारने घरोघरी छतात उष्णतारोधक थर बसवण्याची योजना आणली. रातोरात कंपन्या उभ्या राहिल्या. दहा लाखांहून अधिक घरांत काम झालं. जेमतेम प्रशिक्षण मिळालेली तरुण पोरं छपरांत चढली. काही घरांत चकचकीत फॉइल धातूच्या पिनांनी ठोकली जात होती. एक पिन वायरीत घुसली, की अख्खी फॉइल जिवंत. न्यूझीलंडमध्ये 2007 मध्ये असेच तीन कामगार गेले होते. तरीही ऑस्ट्रेलियात चार तरुण गेले : वयं 25, 16, 19 आणि 22. तिघे शॉकने, एक छपराखालच्या उष्म्याने. योजनेशी जोडलेल्या आगी 200 हून अधिक. हॅलोजन दिवे थराखाली झाकले जाणं हे त्यांचं एक ठळक कारण. फेब्रुवारी 2010 मध्ये योजना बंद झाली. 2014 च्या चौकशी आयोगाने म्हटलं, की योजना नीट आखली असती तर हे मृत्यू टळले असते.

आपल्याकडे वर काँक्रीटचा स्लॅब असतो, असा थर क्वचितच, आणि दिवेही आता 10-12 वॉटचे एलईडी. मग आपण सुटलो का? आगीच्या बाबतीत बरेचसे. शॉकच्या बाबतीत नाही. आपल्या फॉल्स सीलिंगवर जोड असतात, कधी नुसती टेप गुंडाळलेले, कुणाला न दिसणारे.

आणि एक गैरसमज : ‘एमसीबी आहे ना!’ दिव्यांच्या लाइनवरचा एमसीबी साधारण 6 किंवा 10 अँपिअरचा असतो. माणसाच्या शरीरातून शंभर-दोनशे मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी किती करंटला माणसाची पकड सुटत नाही, याची मोजमापं स्वयंसेवकांवर घेतली आणि 1961 मध्ये अशा संरक्षक यंत्राची रचना केली. आज तुमच्या बोर्डातल्या आरसीसीबीवर ‘टेस्ट’ बटण आहे. ते दाबून पाहा. खटका पडला नाही, तर दिव्याआधी ते काम.

कायदाही यात एक रेघ आखतो. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याची, म्हणजे मूळ वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप न बदलणाऱ्या कामांची मुभा दिली. बाकीचं काम परवानाधारक ठेकेदाराकडे. आजच्या नियमांतही हेच तत्त्व आहे. थोडक्यात, बिघडलेला डाउनलाइट काढून तसाच नवा लावणं तुमचं काम. छतातून नवी लाइन ओढणं नाही.

दिवा बदलतानाही भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. कुणी स्विच चुकून न्यूट्रलवर टाकला असेल, तर दिवा बंद दिसतो आणि वायर जिवंत असते. एमसीबीवरही तेवढ्यासाठी विसंबू नका, मेन स्विच पाडा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून घ्या, मेन पाडल्यावर वायरींना लावा, शेवटी मेन चालू करून टेस्टर अजून पेटतो ना, ते पुन्हा पाहा. जोड टेपचा नको, कनेक्टरचा हवा, आणि तो डबीत. एलईडीचा ड्रायव्हर हवा खेळेल असा ठेवा. उष्णतेने आधी तोच मरतो.

आणि घरात नवं सीलिंग होत असेल, तर बोर्ड ठोकण्याआधी वरच्या वायरिंगचे फोटो काढा, मोजपट्टी लावून. पाचएक वर्षांनी पडद्याचा रॉड लावायला कुणीतरी ड्रिल घेऊन त्याच छताखाली उभं राहील. ते फोटो त्याच्यासाठी.