आबांच्या इंजिनाला पिवळाच दिवा का?

नेहमी ऐकणारे आणि आज बसमध्ये इअरफोन विसरल्यामुळे वाचणारे, दोघांचंही स्वागत. आजचा भाग आहे तांदळाच्या दाण्याहून लहान दिव्याबद्दल.

गेल्या दिवाळीत मी आबांसाठी, म्हणजे माझ्या आजोबांसाठी, डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल बनवलं. आबा रेल्वेत ड्रायव्हर होते (‘लोको पायलट’ हा शब्द नंतरचा) आणि पुणे–मिरज लाइनवर त्यांनी हेच इंजिन वर्षानुवर्षं चालवलं. मॉडेल एचओ स्केलचं आहे, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. सतरा मीटरचं इंजिन टेबलावर वीस सेंटिमीटरपेक्षा जरा कमीच भरतं. मी खोलीतली लाइट बंद केली आणि स्विच दाबला. आबा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “अरे, हे इंजिन आहे का मोबाइलचा टॉर्च?”

मी साधा पांढराशुभ्र एलईडी लावला होता. खरं सांगतो, मला राग आला. तीन महिने खपलो होतो! पण रात्री वाचायला बसलो, तेव्हा कळलं की आबांचं बरोबर आहे आणि त्यामागे अख्खा इतिहास आहे.

गंमत बघा. डब्ल्यूडीएम-२ भारतात आलं १९६२ मध्ये, अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून. पुढे ही इंजिनं वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. त्याच १९६२ मध्ये अमेरिकेतच, जनरल इलेक्ट्रिकमध्ये, निक होलोनियाक या शास्त्रज्ञानं डोळ्याला दिसणारा लाल एलईडी बनवला. म्हणजे इंजिन आणि एलईडी एकाच वर्षाचे. पण लाल उजेडाचा हेडलाइट कसा चालेल? खऱ्या इंजिनावर फिलामेंटचा दिवा होता. तापलेल्या तारेचा, पिवळसर.

मॉडेलवाल्यांकडेही तेव्हा तारेचेच बल्ब होते, अगदी छोटे. इंग्रजीत त्यांना ‘गव्हाचा दाणा’ म्हणायचे. रंग आपोआप बरोबर यायचा, पण बाकी त्रास पुष्कळ. बल्ब तापायचा, जवळचं प्लॅस्टिक वितळायचं. शिवाय जुन्या पद्धतीत रुळांतून साधारण १२ व्होल्टपर्यंत डीसी करंट जायचा आणि गाडीचा वेग त्या व्होल्टेजवरच ठरायचा. म्हणजे गाडी जोरात असली की दिवा झगझगीत, स्टेशनात थांबली की अंधार. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग रात्री प्लॅटफॉर्मवरच्या लोकांना गाडी दिसायची कशी?”

एलईडी हा मुळात डायोड. त्यातून करंट एकाच दिशेनं जातो. डीसीच्या खेळात करंटची दिशा उलटवली की गाडीही उलटी धावते. त्यामुळे पुढे एक आणि मागे उलटा जोडलेला एक एलईडी लावला, की ज्या दिशेनं गाडी निघेल तिकडचाच दिवा लागतो. एका ओळीचं लॉजिक, आणि तेही कोड न लिहिता! मला हे फार आवडलं.

पण रंगाचं काय? १९७२ मध्ये होलोनियाकच्याच विद्यार्थ्यानं, जॉर्ज क्रॅफर्डनं, पिवळा एलईडी बनवला. काही हौशी लोकांनी तोच हेडलाइट म्हणून वापरला. पण तो फक्त पिवळा. तारेच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, याच्यात एकच. समोरचे रूळ हळद लावल्यासारखे दिसतात.

पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी लागणार होता, आणि तो काही केल्या जमत नव्हता. जपानमध्ये अकासाकी आणि अमानो यांनी गॅलियम नायट्राइडवर बरीच वर्षं काम केलं. १९९३ मध्ये निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरांचा झगझगीत निळा एलईडी जाहीर झाला. (या शोधाबद्दल कंपनीकडून त्यांना सुरुवातीला फक्त २०,००० येन मिळाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. अप्रेझलच्या दिवशी मी ती आठवतो.) २०१४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. १९९६ मध्ये निचियानं निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड बाजारात आणला. पण त्यातला निळा थोडा बाहेर झिरपतोच. आबांच्या डोळ्यांना तोच खुपला. ते ज्या रात्री घाटातून गाडी काढत होते, त्यातल्या बहुतेक रात्री हा उजेड जगात कुठेच नव्हता.

म्हणून माझा आता एकच नियम आहे: आधी इंजिनाचं साल ठरवा, मग दिवा. आजकालच्या नव्या इंजिनांवर एलईडी हेडलाइट असतात, तिथे पांढराशुभ्रच शोभतो. जुन्या डिझेलला ‘वॉर्म व्हाइट’ घ्या, २७०० ते ३००० केल्विनचा. हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर.

मापाचंही तसंच. दुकानात सहज मिळणारा ५ मिलिमीटरचा एलईडी ८७ नं गुणा, ४३ सेंटिमीटर होतात. इंजिनाच्या कपाळावर परात लावल्यासारखं! ३ मिलिमीटरचा घेतला तरी जेवणाच्या ताटाएवढा. ‘०६०३’ नावाचा चिप एलईडी १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे खऱ्या मापात लांबी १४ सेंटिमीटर. तो बसतो. फक्त सोल्डर करताना श्वास रोखा. माझे दोन फरशीवर पडले, अजून सापडले नाहीत.

आणि रेझिस्टर विसरू नका. माझ्या डिजिटल डीकोडरमधून १२ व्होल्ट येतात, एलईडी ३ घेतो, उरतात ९. एक किलोओहम लावला तर ९ मिलिअँपिअर करंट जातो. एवढ्याशा चिपला तो फारच झाला, इंजिनाचं अख्खं नाक आतून कंदिलासारखं उजळलं. मग १० किलोओहम लावला आणि बॉडी आतून काळी रंगवली. डीकोडरमुळे आता गाडी थांबली तरी दिवा तेवढाच राहतो.

परवा पुन्हा लाइट बंद केली. आबांनी चष्मा पुसला, खुर्ची टेबलाजवळ ओढली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हां. आता आमचं आहे. पण वरचा पिवळा फ्लॅशर कुठंय?”

क्रॅफर्डचा पिवळा एलईडी तिथे अगदी बरोबर बसेल. पाच मागवलेत, कारण दोन फरशीवर पडणारच.