शिरेतली झडप आणि प्रयोगशाळेतली मोजणी

मंडळी, घरी गेलात की दंडाला रुमाल जरा आवळून बांधा. हाताच्या शिरा फुगतील, मधेमधे गाठी दिसतील. त्या झडपा. मनगटाकडे एका बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या गाठीपलीकडे सारा. मधली शीर रिकामीच राहते, वरचं रक्त खाली येत नाही. विल्यम हार्वीने १६२८ साली हेच छापलं. पडुआतले त्याचे गुरू फॅब्रिसियस यांनी १६०३ मध्ये या झडपांवर पुस्तक लिहिलं होतं, पण त्यांना वाटलं की त्या रक्ताचा वेग फक्त कमी करतात. करून बघायला काय लागणार होतं? एक रुमाल!

पायातल्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साठतं. पाय सुजतो, घोट्याजवळ काळवंडतो, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. कुंभमेळ्यात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या पोलिसाला वेगळं सांगायला नको. मग कृत्रिम झडप का नाही बसवत?

आधी हृदयाच्या झडपेचं बघू. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने देशी झडप करायला घेतली. हृदय वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त ठोके देतं. तेवढं थांबायला वेळ कुणाला? म्हणून यंत्रात झडप भराभर उघडमीट करतात, कोट्यवधी वेळा. एका नमुन्यातली चकती नीलमाच्या स्फटिकाची होती. ती मेंढीच्या शरीरात फुटली. शेवटी चकती प्लास्टिकची, चौकट कोबाल्टच्या मिश्रधातूची, असं जमलं आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाला बसवली.

शिरेचं दुखणं निराळं. तिथे झीज हा मोठा शत्रू नाही, संथपणा आहे. पडद्यामागे रक्त रेंगाळलं की गुठळी. आणि यंत्रात फिरवतात ते बहुधा ग्लिसरीन-पाणी. ते गोठतच नाही! अमेरिकेत पोर्टलंडला डुसान पाव्चनिक यांनी डुकराच्या आतड्याच्या अस्तराची झडप केली. मेंढ्यांच्या मानेतल्या शिरेत ती छान चालली. माणसांच्या पायात मात्र पडदे जाड होऊन ताठरले. मेंढीची मान कुठे आणि उभ्या माणसाची शीर कुठे! आपण स्वस्थ उभे असताना घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो.