लघवीतून मिळणारी वर्दी

लघवी पाहून रोगाचा अंदाज घेण्याची रीत वैद्यकात फार जुनी आहे. तीव्र मूत्रपिंड इजेची चाहूल लघवीतून घेऊ पाहणारे बायोसेन्सर याच परंपरेतले. पण त्यांची गरज का पडली, हे आधी पाहायला हवे.

ही इजा बहुधा दुसऱ्या दुखण्याच्या आडून येते. हृदयाची शस्त्रक्रिया, रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग, काही औषधे ही तिची नेहमीची कारणे. आपल्याकडे घोणस चावल्यावर किंवा पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही ती होते. निदानाची भिस्त आजही मुख्यतः रक्तातल्या क्रिएटिनिनवर आहे. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविकार संस्थेच्या २०१२च्या निकषांनुसार ते ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाढले तरी इजा झाली असे धरतात. मात्र क्रिएटिनिन रक्तात साचायला वेळ लागतो, आणि तोवर उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

इजा झालेल्या मूत्रनलिका लघवीत काही प्रथिने सोडतात. त्यांतले ‘एनगॅल’ विशेष गाजले. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास २००५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला. ज्यांना पुढे इजा झाली, त्यांच्या लघवीत एनगॅल दोन तासांतच वाढले होते. क्रिएटिनिनवरून तेच कळायला एक ते तीन दिवस लागले. ‘किम-१’ हेही याच कामाचे प्रथिन.

ही वर्दी प्रयोगशाळेची वाट न पाहता खाटेपाशीच मिळावी, यासाठी बायोसेन्सर. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर प्रतिपिंडे बसवतात आणि त्यावर लघवीचा थेंब सोडतात. हवे ते प्रथिन प्रतिपिंडांना चिकटले की पृष्ठभागाचा विद्युत अवरोध बदलतो. त्या बदलावरून प्रमाण काढता येते.

वाचकांनी अशा सेन्सरवरचे शोधनिबंध वाचताना ‘किती सूक्ष्म प्रमाण ओळखले’ या आकड्यावर लगेच भुलू नये. चाचणी स्वच्छ द्रावणात केली की रुग्णांच्या लघवीत, हे आधी पाहावे. लघवी कधी दाट तर कधी पातळ असते, तिची आम्लता बदलते, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गानेही एनगॅल वाढते. तुम्ही वैद्यकातून आलेले असाल तर इलेक्ट्रोडची रचना सावकाश समजून घ्या. अभियांत्रिकीतून आला असाल तर मूत्रनलिकेपासून सुरुवात करा. मग दोघांनीही एकच प्रश्न विचारावा: हा आकडा हाती आल्यावर डॉक्टर कोणते औषध थांबवतील, सलाइनचा कोणता निर्णय बदलतील? याचे उत्तर देणारा सेन्सरच रुग्णाच्या कामी येईल.