इंग्रजी भूतकाळाची जुनी वंशावळ



‘गो’चा भूतकाळ ‘गोएड’ न होता ‘वेन्ट’ का होतो, हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच. “तसेच असते, पाठ कर,” एवढेच उत्तर त्याला बहुधा मिळते. परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर इतिहासात आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन इत्यादी टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या. त्यांच्या बोलीतूनच इंग्रजी घडली. त्या बोलीत भूतकाळ करण्याच्या दोन रीती होत्या. पहिली, शब्दाच्या पोटातील स्वर बदलण्याची : ‘सिंग–सँग’, ‘सिट–सॅट’, ‘राइट–रोट’. दुसरी, शब्दाच्या शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’चा उच्चार जोडण्याची. यांपैकी पहिली रीत अधिक प्राचीन होय. ‘वेन्ट’ची कथा मात्र निराळी आहे. ‘वेन्ड’ म्हणजे वळणे, मार्गस्थ होणे. ‘सेन्ड’चा ‘सेन्ट’ तसा ‘वेन्ड’चा ‘वेन्ट’. ‘गो’चे स्वतःचे जुने रूप मागे पडले आणि त्याने हे परके रूप दत्तक घेतले!

पुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली आणि कालांतराने हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. आपल्या शाळेतील ‘लेसन’, ‘पेपर’, ‘पेन्सिल’ हे त्यांतलेच. ‘स्टडी’, ‘कॉपी’, ‘पास’, ‘एन्टर’, ‘फिनिश’ ही क्रियापदेही तशीच आली, आणि पाहुण्यांप्रमाणे त्यांनी सोपा ‘एड’ स्वीकारला. उलट ‘टीच–टॉट’, ‘रीड–रेड’, ‘थिंक–थॉट’ ही मंडळी मूळ घरची. अर्थात घरच्या शब्दांतही ‘आस्क’, ‘ओपन’ यांसारखे ‘एड’ घेणारे पुष्कळ आहेत. कागदाच्या ‘रीम’चे मूळ अरबी ‘रिज़्मा’ म्हणजे गठ्ठा, आणि ‘अल्जिब्रा’चे मूळ ‘अल-जब्र’. ‘स्कूल’ तर ग्रीकांकडून लॅटिनमार्गे आलेले; त्याचा मूळ अर्थ फुरसत असा आहे, हे ऐकून विद्यार्थी मित्रांना हसू येईल!

आता महत्त्वाची गोष्ट. जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा अभ्यास अमेरिकेतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी मध्ययुगात १४५ आणि आज केवळ ९८ अनियमित उरली आहेत. टिकली कोणती? जी रोज तोंडी होती ती. ज्यांचा वापर कमी, त्यांना लोकांनी ‘एड’ लावून टाकले. ‘हेल्प’चे ‘होल्प’ हे रूप शेक्सपियरच्या काळापर्यंत दिसते. आज आपण ‘हेल्प्ड’ म्हणतो.

आपल्या मराठीकडे पाहा. ‘जाणे’चे ‘गेला’, ‘करणे’चे ‘केला’, ‘येणे’चे ‘आला’. उर्दूत ‘जाना’चे ‘गया’. ही रूपे आपण कधी घोकली होती काय? लहान मूल ‘मी करलं’ म्हणते, घरातले ‘केलं’ म्हणतात, आणि ऐकता-बोलता त्याची जीभ वळते. त्याला कोणी मंदबुद्धी ठरवीत नाही. मग ‘गोएड’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण का हसावे? त्याने नियम ओळखला आहे. फक्त अपवाद अजून कानावर पडायचा आहे. अशा हसण्यामुळे मुले-मुली इंग्रजीची धास्ती घेऊ शकतात. हे नुकसान त्यांचे एकट्याचे नसून आपल्या सर्वांचे आहे.

“आम्हालाच इंग्रजी येत नाही,” असे अनेक पालक म्हणतात. न येवो! रोज रात्री जेवणानंतर मुलाला किंवा मुलीला विचारा, “आज शाळेत काय केलेस?” उत्तर इंग्रजीत, पाच वाक्यांत मागा : ‘आय वेन्ट टु स्कूल. टीचर टॉट अ लेसन. आय रोट इट इन माय नोटबुक.’ अम्मी-अब्बांनी केवळ लक्ष देऊन ऐकावे. चुकलेले रूप दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारून यायला सांगावे.

दीड हजार वर्षे ही रूपे नित्य बोलण्यानेच जगली आहेत. आपल्या मुलांच्या तोंडीही ती तशीच रुळतील. विद्यार्थी मित्रहो, आज रात्रीच पहिली पाच वाक्ये बोला!