तळटीप : तापलेल्या खोलीतला माणूस

* लेखकाने इथे ओझरता उल्लेख केलेला प्रयोग १७७४ साली लंडनमध्ये झाला. डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी तापवून घेतलेल्या खोलीत चार्ल्स ब्लॅग्डेन सुमारे १२७ अंश सेल्सिअस तापमानात आठ मिनिटे थांबले. त्याच कोरड्या हवेत ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत कडक झाली, मांसाचा तुकडाही शिजला. ब्लॅग्डेन यांच्या अंगाचे तापमान मात्र फारसे वाढले नाही. याहून मोलाचे निरीक्षण दुसरेच होते. खोलीतले उघडे पाणी उकळेना, पण त्यावर तेलाचा थर दिल्यावर उकळू लागले. म्हणजे बचाव बाष्पीभवनाचा होता. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; नुसता निथळून गेलेला घाम जवळपास वायाच. म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हापेक्षा मुंबईची दमट हवा कमी तापमानातही अधिक असह्य होते.

हे रक्षण फुकट होत नाही. घामाबरोबर पाणी आणि मीठ जाते, रक्त दाटते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळते, तहान लागते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि लघवी गडद होते. वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ म्हटले ते हेच. लेखक त्याला ‘स्थिरता’ म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो, कारण इथे क्षणभरही काही थांबलेले नसते. — संपादक